टाकीतली नवी वाळू

महामायाबाई अहमदपूर डेपोत कंडक्टर. दांडगाई करणाऱ्या दारुड्याला भर रस्त्यात गाडीतून खाली उतरवणारी बाई. पण त्या सकाळी माशांच्या टाकीपुढं त्यांची पुरती घाबरगुंडी उडाली होती.

नोकरीसाठी चेन्नईला गेलेल्या लेकीनं, शिल्पानं, खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आईच्या हवाली केली होती. तळाची वाळू कमी वाटली म्हणून बाईंनी घरात ठेवलेली नवी पिशवी तशीच टाकीत ओतली. बघता बघता पाणी ताकासारखं पांढरंफेक झालं आणि दोन्ही केशरी मासे दिसेनासे झाले.

बाईंनी फोन लावला. "शिल्पे, लई घोळ झाला गं! मासे मेले वाटतं."

"वाळू धुतली होतीस का, मम्मी?"

"धुवायची असती व्हय?"

"अगं, धूळच आहे ती, बसेल खाली. पण आता आत हात घालू नको. सगळं पाणी तर मुळीच बदलू नको, त्यानंच दगावतील. पंप चालू ठेव, फिल्टरचा कापूस मळला की बदल."

बाईंनी कापूस बदलला. सारं पाणी उपसून टाकावं असं राहून राहून वाटत होतं, पण त्या हात मांडीखाली दाबून बसल्या. मग ड्यूटीची वेळ झाली. लोह्यापर्यंत तिकिटं काढताना डोळ्यांपुढं उलटे तरंगणारे मासेच येत होते.

संध्याकाळी दाराचं कुलूप काढायचा धीर होईना. आत पाणी बरंच निवळलं होतं. दगडाआडून एक मासा पुढं आला. दुसरा मात्र दिसेना. बाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं तोही हळूच बाहेर आला, तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या.