मापटंभर म्हणजे अर्धा किलो

बोरीहून निघाले त्या सकाळी आई माझ्यासाठी येसर भरत होती आणि मी बॅगेचं वजन करत होते. "वजन काय करायलीस, माप बघ," ती म्हणाली आणि पितळी मापट्यावरची शीग तळहातानं सपाट केली. परभणीची बस चुकेल म्हणून मी चिडले होते.

येसर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. इथं जर्मनीत माझ्या मुलांना सांगावं लागतं: धान्यं, डाळी, मसाले भाजून दळलेलं पीठ, त्याच्या आमटीशिवाय आपल्याकडं लग्नाची पंगत उठत नाही.

इथलं स्वयंपाकघर ग्रामवर चालतं. म्हणून एका सुट्टीत मी बोरीला काटा घेऊन गेले. आई भरायची, मी तोलायची. मापटंभर ज्वारी अर्धा किलोच्या आसपास भरली. त्याच मापट्यातले धने निम्म्याहून कमी. आणि चिपटंभर, म्हणजे अर्धं मापटं, दगडफुलानं तर काटा जेमतेम हलला. आई हसली. "काट्याला वजन कळतं, मापट्याला जागा कळती."

काकूंनी, म्हणजे आईच्या धाकट्या जावेनं, तिची आयुष्यभर चेष्टा केली. भर पंगतीत म्हणायच्या, "आमच्या जाऊबाई मापून सैपाक करत्यात. हात न्हाई ना!" बायका हसत. आई वाढत राही.

आई गेली. तेराव्याला काकूंनी मापटं उचललं. "आता कोन मापायलंय?" काही महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर ते मला त्यांच्या मोरीत दिसलं, धुण्याच्या पावडरीच्या डब्यात. मी सहसा बोलत नाही, म्हणून लोकांना वाटतं मी विसरते.

मग काकूंच्या नातीचं लग्न ठरलं. येसर आपणच करणार, असं काकूंनी गावभर सांगितलं. कशाचं किती माप, हे आईच्या तोंडून ऐकून त्यांना पाठ होतं. पण सामान दुकानातून किलोवर आणायचं होतं. फोन आला. "मापटंभर म्हंजे अर्धा किलोच की गं? आन् चिपटं पाव किलो?"

"ज्वारी तेवढीच भरते, काकू," मी म्हणाले. खोटं नव्हतं. धन्यांचं त्यांनी विचारलं नाही. दगडफुलाचंही नाही.

पुढचं भावानं सांगितलं. पाव किलो दगडफूल मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "काकू, हाटेल टाकायलाव का?" तरी त्यांनी घेतलं. आमटी काळी, कडू. वाट्या तशाच परत गेल्या. पंगतीतली एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "हात मोठीचा व्हता बाई, मोठीचा."

हे ऐकायला आई हवी होती. मी ओट्याशी उभी राहून आधी हसले, मग रडले. लग्नघराचं वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

आठवड्यात काकूंचा फोन आला. "खरं वजन सांग गं माय."

"मापटं चिंचेनं घासा, आईच्या फोटोपुढं ठेवा, मग सांगते."

त्यांनी घासलं. भावानं फोटो पाठवला. मापटं झळाळतंय आणि वर आई आहे. बोरी आता माझ्यापुरती तेवढीच उरली आहे. बाकीचं घर इथं आहे, येसर भाजताना वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेते तेव्हा.

सगळी वजनं मला पाठ आहेत. काकू अजून फोन करतात. मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते, पाऊसपाणी विचारते, आणि शेवटी दर वेळी ज्वारीचंच वजन सांगते.