शीनूच्या श्राद्धाचं वाय-फाय

घरातलं माणूस गेल्यावर वर्षभर किस्से साठत जातात, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. रडण्याबद्दल सांगतात, कागदपत्रांबद्दल सांगतात. पण आमच्याकडे समाचाराला आली नसतील एवढी माणसं गेल्या वर्षात वाय-फाय बघायला आली! प्रत्येक जण जाताना एक सल्ला ठेवून गेला. त्यातला एकही कामाला आला नाही. किस्से तेवढे राहिले.

आमचं घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. घरात आता दोघीच. मी आणि माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कावेरीअक्का. मुलगा मुकुंद जर्मनीत. बोलणं आमच्या घरगुती मराठीत आणि निम्मं तमिळमध्ये होतं, इथे लिहिताना मी ते सरळ केलं आहे.

वर्षश्राद्धाला मुकुंदला येता येणार नव्हतं. त्याच्या व्हिसाचे कागद तिथल्या कचेरीत अडकले होते. बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. म्हणून असं ठरलं, की गुरुजी आणि जेवणारे ब्राह्मण इथे, कर्ता तिथे आणि मध्ये लॅपटॉप. दोन तास सलग व्हिडिओ कॉल. आणि आमच्या लॅपटॉपवर नेट दोन मिनिटं सलग टिकत नव्हतं.

"मधेच तुटलं तर?" मी गुरुजींना विचारलं.

गुरुजींच्या आधी अक्काच बोलल्या, "तर शीनू उपाशी जाईल."

शीनू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. माझा नवरा, श्रीनिवासराव.

* * *

पहिला फोन हेल्पलाइनला केला.

"राउटर ऑफ करून ऑन करा, मॅडम."

"केला."

"परत एकदा करा."

परत केला. असा किती वेळा केला, ते मोजायचं मी सोडून दिलं. शेवटी तो म्हणाला, "आमच्याकडून लाइन ओके दिसतेय, मॅडम. लॅपटॉप दाखवून घ्या."

जुन्या बसस्टँडजवळच्या दुकानात लॅपटॉप नेला. दुकानदाराने स्वतःचं वाय-फाय जोडलं, एक व्हिडिओ लावला, तो झकास चालला. "लॅपटॉप फर्स्ट क्लास! तुमची लाइन खराब आहे."

पुन्हा हेल्पलाइन. लाइन ओके, लॅपटॉप दाखवा. पुन्हा दुकान. लॅपटॉप ओके, लाइन दाखवा.

तिसऱ्या वेळी मी दुकानातच बसून हेल्पलाइन लावली, फोन दुकानदाराच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता तुम्ही दोघं बोला." दोघं चांगली दहा मिनिटं बोलले. दोघंही पापनाशमकडचे निघाले! भाताची लावणी झाली का, कालव्याला पाणी सुटलं का, सगळी चौकशी झाली. मग दुकानदाराने फोन माझ्याकडे परत दिला आणि आदराने म्हणाला,

"मॅडम, आमचं दोघांचं एकमत झालं. चूक वापरण्यात आहे."

मी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. वर्गात कुणी असं बोललं असतं तर बाकावर उभं केलं असतं. तिथे बाक नव्हता. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आले.

* * *

नात्यात एक इंजिनिअर असतोच. आमचा बंगळूरला आहे, गिरीश. फोनवर म्हणाला, "वहिनी, काळजीच करू नका. तुम्ही हातसुद्धा लावू नका. मी इथे बसून तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरतो आणि सगळं नीट करतो."

"शीर," मी म्हटलं.

तो शिरला. माझ्या डोळ्यांदेखत बाण आपोआप फिरायला लागला. एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, आणि बाण जिथल्या तिथे गोठला.

गिरीशचा फोन आला. "वहिनी, मधेच बाहेर फेकला गेलो. तुमच्याकडचं नेट फार वीक आहे हो!"

"ते मला ठाऊक आहे, गिरीश. म्हणूनच तुला सांगितलं."

"नाही, म्हणजे असं करा. आधी तेवढं नेट नीट करून घ्या. मग मी तुमचं नेट नीट करतो."

मी बरं म्हटलं. चुलत दिरावर ओरडायची आमच्याकडे पद्धत नाही.

* * *

हा किस्सा छोटा आहे. गल्लीतल्या एक बाई समाचाराला उशिरा आल्या. मी लॅपटॉप हातात धरून खिडकीपासून खांबापर्यंत सिग्नल शोधत फिरत होते. त्यांनी जरा वेळ बघितलं, मग मायेने म्हणाल्या,

"सरोजा, आता तुला नेट कशाला गं?"

तो 'आता' माझ्या कानात अडकून राहिला. मी त्यांना कॉफी दिली. दुसरी विचारली नाही.

* * *

पंधरा तक्रारींनंतर कंपनीने माणूस पाठवला. सेल्वम नाव, तिशीचा, हेल्मेट काखेत.

"राउटर कुठे आहे, अम्मा?"

"देवघरात."

आमच्या भिंती चुन्याच्या, दोन फूट जाड. केबल आत घ्यायला एकच जुनं भोक मिळालं, ते देवघरात. ह्यांनी राउटर तिथेच कोनाड्यात ठेवला. आता आमचं देवघर म्हणजे अक्कांचं सोवळं. अक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आंघोळ करून ये म्हणावं त्याला."

"सकाळीच केलीय, अम्मा," सेल्वम म्हणाला.

"इथे येऊन कर."

मला इतका राग आला, की माझे कान तापले. "अक्का, तो आपल्या मुकुंदसाठी आलाय! तू ये रे आत," मी म्हटलं. पण सेल्वम शहाणा. तो उंबऱ्याबाहेरच मांडी घालून बसला आणि आत डोकावून बघायला लागला. राउटरच्या पुढ्यात पितळेच्या दोन समया, चांदीचं ताट, पाण्याची कळशी, आणि या सगळ्यांवर रेलून आमचं पिढीजात तंजावूर चित्र. फळीवर चढवलेलं, सोन्याचा पत्रा, वर जाड काच.

"अम्मा, सिग्नलच्या पुढ्यात देव उभे आहेत," सेल्वम म्हणाला.

"मग देवांना हलवू?" अक्का कडाडल्या.

"देव नको, राउटर हलवू या. फक्त हॉलमध्ये."

"तो हलायचा नाही."

"का नाही?" आता मीही आवाज चढवला. "त्यालाही सोवळं आहे काय?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. समईची वात सारखी करत म्हणाल्या, "त्याने स्वतःच्या हाताने ठेवलाय तो."

सेल्वमने हेल्मेट उचललं. "परत येतो, अम्मा," एवढंच म्हणाला. त्या दिवशी कंपनीच्या कागदावर त्याने काय कारण लिहिलं, देव जाणे!

* * *

श्राद्धाच्या आठ दिवस आधी गुरुजींनी तालीम ठेवली. गुरुजींचा स्वभाव तसा सोसणारा. तिकडे मुकुंद सकाळी आंघोळ करून, धोतर नेसून, त्याच्या स्वयंपाकघरात पाट नाही म्हणून ब्रेड कापायच्या फळीवर बसला होता.

गुरुजी म्हणाले, "अपसव्य कर." मुकुंद नुसता बघत राहिला. गुरुजी पुढे गेले. "वडिलांचं नाव घे, तीळ-पाणी सोड." तेव्हा कुठे मुकुंदने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. गुरुजी आजोबांवर पोचले, तर मुकुंद तोंड उघडून गोठलेला. गुरुजी पणजोबांवर पोचले आणि एकदम तीनही वेळचं बोलणं धडाधडा येऊन पडलं.

गुरुजींनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "बाळ, थांब. आजोबांना दोनदा पाणी गेलं. वडिलांना एकदाही नाही."

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. "आमच्या बाबांना तहान फार असायची," त्या म्हणाल्या, "पण शीनूचं काय?"

पडद्यावर मुकुंदचा चेहरा पुन्हा गोठला होता. तो रडवेला होता की नेट तसं दाखवत होतं, ते कळायला मार्ग नव्हता. मी लॅपटॉपचं झाकण आपटलं. आयुष्यात पहिल्यांदा वस्तू आपटली. बरं वाटलं, हे कबूल करते.

* * *

सेल्वम परत आला, तो कंपनीने पाठवला म्हणून नव्हे. कंपनीने तक्रार 'ग्राहक सहकार्य करत नाहीत' म्हणून बाजूला टाकली होती. तो सुट्टीच्या दिवशी, आपणहून आला.

हॉलमध्ये बसून त्याने नुसता लॅपटॉपचा पडदा बघितला. अर्धा तास.

"अम्मा, हा लॅपटॉप राउटरपाशी थांबतच नाही. सिग्नल जरा कमी झाला की 'शीनू फोन' म्हणून एक नेटवर्क आहे, तिकडे जातो. तिथे काही चालत नाही, म्हणून परत येतो. थोड्या वेळाने पुन्हा तिकडेच. शेजारी कुणी शीनू आहेत का?"

"शेजारी नाहीत," मी म्हटलं आणि आतून फोन आणला.

हॉस्पिटलमध्ये असताना ह्यांनी मला लॅपटॉपवर काम करता यावं म्हणून स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट लावून दिलं होतं. ते तसंच राहिलं. फोन मी रोज चार्ज करत होते. रिचार्जही करत होते, नेटचं नव्हे, नुसता नंबर चालू राहण्यापुरतं.

सेल्वमने विचारलं, "हॉटस्पॉट बंद करू?"

"कर."

त्याने बोट टेकवलं. मग म्हणाला, "फोन चालू राहू दे, अम्मा. त्याचा काही त्रास नाही." आणि तो त्याने दोन्ही हातांनी मला परत दिला.

हेल्पलाइन, दुकानदार, इंजिनिअर, एकानेही लॅपटॉप नेमका कुठे जोडला जातोय ते बघितलं नव्हतं. मीही नाही. बाकीच्यांवर रागावून झालं आहे. उरलेला राग कुणावर काढायचा, ते अजून ठरलेलं नाही.

* * *

तरी भिंती होत्याच, आणि राउटर हलणार नव्हता. सेल्वम म्हणाला, "मग वायर ओढू. राउटरपासून थेट लॅपटॉपपर्यंत. वाय-फायची भानगडच नको."

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तो निळ्या वायरचं मोठं भेंडोळं घेऊन आला. वायर देवघरातून निघून स्वयंपाकघराच्या दारावरून हॉलमध्ये जाणार. म्हणजे सगळी सोवळ्यातून. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन तयारच!

"अक्का, वायरवर पाणी नाही!" मी ओरडले.

"दोन थेंब."

"एक थेंबसुद्धा नाही! वर्षभर मी या नेटच्या मागे..."

सेल्वमने वायरचं एक टोक वर धरलं. टोकाला प्लास्टिकची छोटी टोपी होती. "मोठ्या अम्मा, ही टोपी आहे तोवर वायरला काही होत नाही. आत्ताच काय ते शिंपडा. टोपी काढली की मग नाही."

अक्कांनी शिंपडलं. मग तांब्या खाली ठेवून त्याला म्हणाल्या, "आत ये. तूच लाव."

सेल्वम उंबऱ्याशी थबकला. "आंघोळ, अम्मा?"

"सकाळी केलीस ना? मग झालं की!"

* * *

आता शेवटचा. श्राद्धाच्या दिवसाचा.

दोन तास कॉल तुटला नाही. गुरुजींनी सव्य म्हटल्यावर मुकुंदने सव्य केलं, अपसव्य म्हटल्यावर अपसव्य. वडिलांना वडिलांचं पाणी गेलं, आजोबांना आजोबांचं. ब्राह्मण पानावर बसले, मुकुंदने तिकडून हात जोडून म्हटलं, "बाबा, सावकाश जेवा," आणि अक्का पायस वाढायला वाकल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हेल्पलाइन! वर्षात पहिल्यांदा त्यांनी आपणहून केलेला फोन. मी पडवीत जाऊन हळू आवाजात घेतला.

"मॅडम, तुमची तक्रार क्लोज करायची आहे. कनेक्शन श्रीनिवासराव सरांच्या नावावर आहे. त्यांचा होकार लागेल. सर आहेत का?"

मी रागाने फोन कानावरून खाली घेतला. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात पायसाची पळी. सोवळ्यात असल्यामुळे फोनला हात लावणार नव्हत्या. "स्पीकर लाव आणि इकडे धर," म्हणाल्या. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला.

"कोण पाहिजे?"

"श्रीनिवासराव सर, मॅडम. एकच मिनिट बोलायचंय."

"तो जेवायला बसलाय."

"मग थोड्या वेळाने करू का?"

"जेवण झालं की तो निघतो. वर्षातून एकदाच येतो. पुढच्या वर्षी करा, हीच तिथी बघून."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. "नोट केलं, मॅडम. पुढच्या वर्षी सर नक्की येतील ना?"

"येईल," अक्का म्हणाल्या, "तुमचं नेट चाललं तर."