वीतभर हद्द

इकडे परदेशात, ल्यूकनला आमच्या शेजारी एक चिनी आजोबा राहतात, निवृत्त मास्तर. रोज सकाळी मागच्या गार्डनमधल्या फरशीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशने अक्षरं काढतात. वाळली की पुन्हा काढतात. वादळात आमच्यामधलं कुंपण पडलं, तेव्हा नव्या खांबासाठी मी मोजायची टेप घेऊन गेलो. त्यांनी आधी एक अक्षर काढून दाखवलं.

"सीमा. फार जुनं अक्षर. वर शेत, खाली मधे उभा राहिलेला माणूस."

मग टेपचं दुसरं टोक धरून स्वतःच मधे उभे राहिले. माझी खूण वीतभर त्यांच्या हद्दीत गेली. मला कळलं, त्यांनाही कळलं.

"ग्रँड," एवढंच म्हणाले. इथले लोक 'ठीक आहे, चालेल' म्हणायला हाच शब्द वापरतात.

अक्षर तासाभरात वाळलं. खांब अजून तिथेच आहे.