शुक्रवारचा वार

वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कडेवरच्या पोरीकडे, आणि म्हणाल्या, "हे मुलींचं वसतिगृह आहे, बायांचं नाही." कडेवर आहे ती मुलगीच आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कॉलेजातला प्रवेश आणि अर्ध्या फीची माफी नुकतीच पदरात पडली होती, म्हणून गिळलं. एरवी मी गिळणाऱ्यातली नाही.

साठ सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. मॅट्रिक होऊन तिवशाजवळच्या खेड्यात लग्न करून गेले. नवरा तापाने गेला, आणि चार वर्षांच्या पोरीला घेऊन मी अमरावतीला बी.ए. करायला निघाले. गावाने तोंडात बोटं घातली. घराचे कर्ते म्हणजे माझे थोरले दीर, आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. गाडीत ज्वारीचं पोतं टाकलं आणि माझ्या पोरीला म्हणाले, "मायले सांग, तुही आबाळ झाली तं मी तुले घेऊन येईन वापस."

मी तिथेच, दाराआड उभी होते. पण आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, दाराआड उभं राहायचं आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसामार्फत. आधी नवऱ्यामार्फत बोलत होतो, मग पोरीमार्फत. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला असेल तर फक्त मागच्या अंगणात बकरीवर ओरडताना.

अमरावतीत खोलीसाठी फिरून माझ्या पायांचे तुकडे पडले. प्रत्येक घरी पहिला प्रश्न, "मिस्टर कुठं असतात?" खरं सांगितलं की खोली लगेच भाड्याने गेलेली असायची. शेवटी राजापेठेत एका सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या दाईने मागची खोली दिली. तिने मिस्टरांचं काहीच विचारलं नाही. "चूल कोन्यात मांड, धूर माह्या घरात येऊ देऊ नको," एवढंच म्हणाली. तिला मी मावशी म्हणू लागले.

खोली मिळाली, पण तासाला गेल्यावर पोरीला कुठे ठेवायचं? पहिला आठवडा मी एक दिवस जायची, एक दिवस घरी बसायची. मावशीला ते पाहवेना. ती स्वतः दिवसभर बाळंतिणींच्या मागे फिरायची, तिच्याकडे ठेवायची सोय नव्हती. म्हणाली, "पोरीचे वार लाव." वार लावणं म्हणजे पूर्वीचे गरीब विद्यार्थी करत ते, सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. "तू नको जेवू, पोरगी फक्त बसन," मावशी म्हणाली. "या गल्लीतली अर्धी लेकरं म्या काढली. एका पोरीले दुपारभर बसू द्याले कोन नाही म्हनते पाहतो."

कोणी नाही म्हणालं नाही. सोमवारी सोनाराकडे, मंगळवारी कंपाउंडरकडे, बुधवारी शिंप्याकडे. गुरुवारी पोस्टातल्या कारकुनाकडे. ते नुकतंच बौद्ध झालेलं घर, तिथल्या बाईने माझ्या पोरीला अक्षरं गिरवायला लावली. शनिवारी एका मास्तरांकडे. सोबत घरच्या भाकरीचा डबा असायचा. पोरगी इतकी रुळली की सकाळी उठून आधी विचारायची, "आज काय वार?" फक्त शुक्रवार रिकामा राहिला. त्या दिवसाचं घर ठरलं होतं, पण तिथली सून माहेरी गेली ती गेलीच. आणि इंग्रजीचे दोन तास नेमके शुक्रवारी. हजेरी कमी पडत चालली, आणि हजेरी नाही तर परीक्षा नाही, हे कॉलेजने स्वच्छ सांगितलं होतं.

त्यातच एका बुधवारी भासरे न सांगता आले. मी तासाहून येऊन खोलीत शिरते तोच ओसरीवर त्यांचा आवाज. मी दाराआड झाले. मावशी त्यांना कौतुकाने सांगत होती, "पोरगी आज शिंप्याकडे हाय. तिचे वार लावले ना आमी."

झालं. त्यांना वाटलं, आपल्या घरची लेक दारोदार जेवते. "आमच्या घरची पोर वारानं जेवते?" म्हणाले. "बलावा तिले. मी घेऊन चाल्लो." मी मावशीला खूण केली की सांगा ना काहीतरी. मावशी इरसाल. मोठ्याने आम्हा दोघांना म्हणाली, "माह्या तोंडानं कावून बोलता? तुमाले तोंड नाही का?" आणि उठून निघून गेली.

मधे कोणीच उरलं नाही. भासरे, मी आणि अर्धवट लोटलेलं दार. मी बोलले. आवाज चिरकला, पण बोलले.

"दादाजी, पोरगी कोनाचं खात नाही. डबा घरचा जाते, तुमच्याच ज्वारीचा. लोक तिले बसाले जागा देतात, तेवढ्यात मी शिकतो. शुक्रवार कोनाकडेच नाही, तं तास बुडतात. तिले न्याचं असन तं न्या, मंग मले बी न्या."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग पोरीची वाट न पाहताच चपला घालून चालते झाले. मी मावशीला म्हटलं, संपलं, आता गाडी घेऊन येतील. रात्री पोरीचे कपडे घडी करून ठेवले आणि मनातल्या मनात मावशीला शिव्या घातल्या.

गाडी आली नाही. शुक्रवारी सकाळी पहिल्या बसने भासरे आले, ओसरीवर बसले आणि पोरीला म्हणाले, "मायले सांग, शुक्रवार माहा."

तेव्हापासून दर शुक्रवारी. पोरीला घेऊन ते अंबादेवीला जायचे, फुटाणे खायचे, तिच्या वेण्या घालायचे. त्या वेण्या पाहून मला हसू यायचं, पण मी सोडत नसे. कापूस वेचणीच्या दिवसांतही आले. गावात सांगायचे, अमरावतीला बाजाराचं काम आहे. पुढे पोरगी शाळेत जाऊ लागली तसे बाकीचे वार एकेक करून सुटले. शुक्रवार सुटला नाही. ते शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे. माझ्याशी मात्र अजूनही एक शब्द नाही. सगळं "मायले सांग".

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी ठरल्यासारखीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भासरे हजर. पोरगी म्हणाली, "मोठे बाबा, आज गुरुवार आहे. तुमचा वार नाही."

"जाय, खेळ बाहीर," ते म्हणाले. ती गेली. मी सवयीने दाराआड झालेले. "मायले सांग," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले, कारण सांगायला कोणी नव्हतं. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "पास झाल्या तुमी. गावच्या मास्तराकून पेपरातला निकाल वाचून घेतला. दोनदा वाचाले लावला." मला रडू आवरेना. या माणसाला मी इतकी वर्षं नुसती भीत आले होते, आणि आता त्यांच्याइतकं जवळचं मला कोणी वाटत नव्हतं.

"अकोल्याले जासान आता," ते म्हणाले.

"हो दादाजी."

"मंग शुक्रवारी मी काय करू?"

मी चहा केला, दाराबाहेर आले आणि कप त्यांच्या हातात दिला.