फ्रेजची ट्यूनिसची ईद

फ्रेज म्हाताऱ्याला सिसिलीत येऊन सेहेचाळीस वर्षं झाली, पण ईद मात्र तो अजून ट्यूनिसचीच धरायचा. त्याच्या माझारा गावात समुद्रापलीकडच्या ट्यूनिसचा रेडिओ ऐकू येतो. तिथल्या मुफ्तींनी चंद्र दिसल्याचं सांगितलं की याची ईद. गल्लीतल्या मशिदीने काहीही ठरवो. एरवी माणूस कोणाच्या अध्यात ना मध्यात. उभी हयात मासेमारीच्या बोटीवर जाळी ओढण्यात गेली. पण या एका बाबतीत त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे.

यंदा मशिदीची ईद गुरुवारी आली आणि ट्यूनिसची शुक्रवारी. त्याची बायको सलूहा हिवाळ्यात गेली होती, म्हणजे तिच्यामागची ही पहिलीच ईद. मुलगी नझीहा इस्पितळात नर्स. तिला सुट्टी मिळाली ती गुरुवारची, आणि तीही हातापाया पडून.

गुरुवारी सकाळी ती ताटभर मकरूद घेऊन आली. खजूर भरून तळलेल्या त्या वड्यांवरचा मध अजून ओघळत होता, पण म्हातारा खुर्चीवरून हलला नाही.

“चला बाबा, पोरं नटून बसलीत.”

“माझा रोजा आहे.”

“अहो, अख्ख्या गल्लीची ईद आहे आज!”

“गल्लीला दिसला असेल चंद्र. ट्यूनिसला नाही दिसला.”

“ट्यूनिसला वेगळा चंद्र टांगलाय का?”

“तोंड चालवू नकोस. उद्या ये, उद्या खाऊ.”

“उद्या दिवसभर ड्यूटी आहे माझी. आईमागची पहिली ईद, आणि तुम्ही इथे एकटे बसणार तोंड सुकवून?”

“तुझी आई असती तर तीही बसली असती. या घरात कधी दुसरी ईद झाली नाही.”

नझीहाने ताट टेबलावर आपटलं. “झाली! तुम्ही बोटीवर असायचात तेव्हा दर वेळी झाली. गल्लीतली पोरं नवे कपडे घालून फिरायची आणि आम्ही रडायचो. मग आई आम्हाला नटवायची, मासे घालून रव्याचा कुसकुस करायची. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. “म्हणजे माझ्यामागे तीसुद्धा जेवायची?”

“छे! आम्हाला वाढायची आणि स्वतः पाण्याचा थेंब घ्यायची नाही. म्हणायची, तुमचे बाबा तिकडे उपाशीपोटी जाळं ओढतायत. त्यांचा रेडिओ सांगेल तेव्हा माझी ईद.”

 कठीण रोजा म्हणजे समुद्रावरचा, असं फ्रेज जन्मभर समजत आला होता; बंदरावरच्या कॉफीच्या टपरीवर बढायाही मारल्या होत्या. पण बोटीवर निदान सगळेच उपाशी असत.

मग तो उठला. तोंड धुतलं, ठेवणीतला जुब्बा चढवला. “चल,” म्हणाला.

नझीहाच्या घरी त्याने सगळ्यांना मिठी मारून ईदच्या शुभेच्छा दिल्या, आपल्या हाताने कुसकुस वाढला, मकरूदचं ताट फिरवलं. धाकटी नात इनेस मांडीवर चढली आणि तिने एक तुकडा त्याच्या ओठांशी धरला. “आजोबा, आ करा!”

त्याने तिचा इवलासा हात धरून तो तुकडा तिच्याच तोंडात घातला.

“तू खा, राणी. माझी ईद उद्या.”

एवढं म्हणाला मात्र, आणि भरल्या घरात, सगळ्यांदेखत म्हातारा हुंदके देऊन रडायला लागला.