तीनदा पाडलेला कोपरा

इतकी वर्षं झाली, पण तो पाडलेला कोपरा काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे आता विसरलोही आहे. पण एका खड्ड्यात उतरून मी टोपी काढून उभा राहिलो होतो, ते विसरलेलो नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी ठाणेदार होतो. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मोठ्या साहेबांची कचेरी नागपुरात. गावाचं नाव आणि माणसांची नावं सांगत नाही. त्यांतले काही आजही रस्त्यात भेटतात. गावात कॉलेज व्हावं म्हणून लोकांनी समिती केली होती. कोणी जमीन दिली, कोणी बैलगाड्या दिल्या, बायकांनी शिधा गोळा केला. सरकारी अनुदानाचा हप्ता मात्र एका अटीवर अडला होता. नागपूरचे अधिकारी पाहणीला येतील तेव्हा चारही भिंती दाराच्या उंचीला आलेल्या पाहिजेत, नाहीतर कॉलेज दुसऱ्या गावाला जाणार. काम आधीच रखडलेलं. सिंदीच्या स्टेशनवर चुना उतरायचा तोही उशिरा, आणि तोवर मजुरी चढलेली. पाहणीला तीन आठवडे उरले होते.

अशा वेळी समितीचे अध्यक्ष, गावातले एक वजनदार वकील, भर दुपारी ठाण्यात आले. उन्हाने चेहरा लाल झाला होता.

"ठाणेदार साहेब, आमची भिंत कोणीतरी पाडतंय. एकदा नाही, तीनदा. आठवडाभर गवंडी चढवतात आणि बाजाराच्या दिवशी ती खाली येते. माणूस शोधा. या गावच्या पोरांचं कॉलेज जाईल हो!"

रोजनामच्यात नोंद केली, फिर्याद लिहून घेतली. त्यांच्यासोबत बांधकामाचा ठेकेदारही आला होता. बाहेर निघताना त्याने मला बाजूला घेतलं आणि खबर दिली. "साहेब, ज्याले हा ठेका नाई भेटला ना, त्याचंच काम हे. माणसं लावून पाडून राह्यला."

खबर गोड होती, मी ती गिळली. त्या दुसऱ्या ठेकेदाराला बोलावून अर्धा दिवस बाकावर बसवलं. तो तिन्ही वेळा कुठे होता याचे साक्षीदार त्याच्याकडे होते. एका वेळेला तर तो देवळीला लग्नात वाढप करत होता, आणि त्या पंगतीत आमचे हेड कॉन्स्टेबलच जेवायला होते. ते मला तसं हळूच सांगत होते तेव्हा माझे कान तापले.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. सायकल काढली आणि जागेवर गेलो.

चार कोपऱ्यांपैकी तीन धड होते. पूर्वेकडचा, नाल्याच्या बाजूचा कोपरा तेवढा पाडलेला. तिन्ही वेळा तोच. मी वाकून पाहिलं आणि चक्रावलो. कोपऱ्याचे घडवलेले दगड एकीकडे, दर्शनी दगड दुसरीकडे, भरावाचे बारके तिसरीकडे, अशा रांगा लावलेल्या. एकही दगड फुटलेला नव्हता. दगडांना चिकटलेला चुनासुद्धा खरवडून काढलेला होता. नासधूस करणाऱ्यांचा मला अनुभव होता. रागाने पाडणारा माणूस दगड भिरकावतो. तो चुना खरवडत बसत नाही.

फाटकाशी निंबाच्या सावलीत चौकीदार बसलेला होता. त्याचा जबाब आधी झाला होता: तिन्ही दिवशी कोणी आलं नाही. मी त्याच्याशेजारी बसलो, विडी दिली.

"बाजाराच्या दिवशी दुपारून काम बंद. मग आत कोण होतं?"

"कोणीच नाई साहेब. फक्त मिस्त्री."

"मिस्त्री? मग परवा सांगितलं का नाहीस?"

"तुमी चोराचं इचारलं. चोर आला नाई, ते मी सांगतलं."

"भिंत पडल्याचा आवाज आला नाही?"

"आला ना! पण मिस्त्री अंदर आहे म्हनल्यावर आवाज तर होईनच." एवढं बोलून त्याने नजर पायाच्या अंगठ्यावर लावली. त्याला सगळं ठाऊक होतं. लोक पोलिसांशी खोटं बोलतात असा सर्रास समज आहे. माझा अनुभव असा की, ते बहुतेकदा विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतात, आणि आपलं विचारणंच चुकलेलं असतं.

मिस्त्री म्हणजे तिथला मुख्य गवंडी, साठीच्या आसपासचा, देवळीकडच्या एका खेड्यातला. बोलावणं गेलं तसा तो स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला, हत्यारांची थैली खांद्याला. मी पाणी दिलं, घरचं विचारलं, इकडचं तिकडचं सुरू केलं. आमची पद्धतच तशी. त्याने पेला खाली ठेवला.

"साहेब, तुमचा टाइम काऊन खराब करता? मीच पाडली."

हेड कॉन्स्टेबलची लेखणी थांबली.

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा. सब्बल लावली का येते. चुना ताजा राह्यते." त्याने थैलीतून डोकावणाऱ्या पहारेवर हात टेकवला.

"पण का? तुझ्याच हातची भिंत ना?"

"माह्या हातची हाय म्हनूनच. तो कोना काळ्या मातीवर उभा हाय, साहेब. बाकीच्या तीन कोन्यांखाली मुरूम लागला. इथं कंबरभर खोदलं अन् ठेकेदार म्हने, बस, भर आता, तारीख जवळ आली. मी म्हनलं, अजून खाली जा लागते. तो म्हने, पायात गेलेला दगड कोन पाहून राह्यलं? सायब लोक येतीन ते भिंतच पाहतीन."

"तर काम सोडायचं."

"मी सोडलं असतं तर दुसरा गवंडी आला असता. भिंत तर चढलीच असती. अन् मंग दोन-चार वर्सानं त्या भिंतीखाली पोरं बसली असती."

"वकील साहेबांना सांगायचं!"

"गेलतो ना त्यांच्या घरी. त्यांचा कारकून म्हने, अर्ज लिवून आन." त्याने दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडे केले. "मले लिवता येत नाई, साहेब. पाडता येते."

मग जबाब वाचून दाखवला आणि अंगठा घ्यायला शाई पुढे केली. हेड कॉन्स्टेबलने तीनदा ठसा घेतला आणि तिन्ही वेळा कागदावर नुसता काळा गोळा उमटला. आयुष्यभराच्या चुन्याने त्याच्या अंगठ्याच्या रेषाच खाल्ल्या होत्या. मी तो अंगठा हातात धरून पाहिला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होता.

कबुली मिळाली होती, गुन्हा उघड झाला होता. कोठडीची किल्ली माझ्या टेबलावर होती. माणूस आत टाकायचा, दुसरा गवंडी आणून भिंत चढवायची, पाहणी उरकायची, असा सरळ रस्ता होता. वकील साहेब निरोप मिळताच येऊन पोचले होते आणि त्यांचंही तेच म्हणणं होतं.

"हा माणूस खरं बोलतोय की नाही, ते आधी पाहू," मी म्हणालो. "खोटं निघालं तर मी स्वतः त्याला वर्ध्याला कोर्टात हजर करतो."

आम्ही सगळे जागेवर गेलो. दोन पंच घेतले. ऊन मावळतीला लागलं होतं. मिस्त्री आम्हाला कोपऱ्यापलीकडच्या मोकळ्या जमिनीवर घेऊन गेला. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी माती फाटते हे कोणाला सांगायला नको; मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. पण त्या भेगेकडे मी कधी तसं पाहिलं नव्हतं. त्याने थैलीतून ओळंबा काढला आणि दोरी भेगेत सोडली. दोरी जात राहिली. गुडघाभर गेली, कंबरभर गेली, पायाची खोली मागे पडली, तरी जातच राहिली. शेवटी दोरी पुरेना म्हणून तो पालथा झोपला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला, तेव्हा कुठे ओळंबा टेकला.

"हे उन्हायात तोंड उघडते," तो मातीवर गाल टेकवूनच म्हणाला, "अन् पावसायात फुगते. हे खाली श्वास घेत राह्यते, साहेब. त्याच्यावर कोनाची भिंत टिकन?"

मी ज्या जमिनीवर लहानाचा मोठा झालो ती अशी खालून हलते हे मला हा माणूस शिकवत होता, आणि मी त्याला बेड्या घालायला निघालो होतो.

मग भिंतीच्या पायालगत खड्डा खणायला लावला. कॉन्स्टेबल खणत होते, ठेकेदार लांब उभा राहून घाम पुसत होता. पायाचा शेवटचा दगड दिसला. त्याच्याखाली काळी मातीच. खणत गेलो. एक माणूस पूर्ण आत गेला तेव्हा कुदळीचा आवाज बदलला आणि पिवळा मुरूम लागला. मिस्त्रीने बाकीच्या कोपऱ्यांवरून अंदाज बांधून, तो किती खोल लागेल ती खूण आधीच एका काठीवर करून ठेवली होती. मी खड्ड्यात उतरून काठी लावून पाहिली. चार बोटांचाही फरक नव्हता. त्या खड्ड्यात मी टोपी काढली. उकाड्याने काढली असं पंचांना वाटलं असेल.

पंचनामा मी स्वतः लिहिला. ना प्रेत, ना मुद्देमाल, फक्त माती किती आणि मुरूम किती. एवढा विचित्र पंचनामा पुन्हा माझ्या हातून झाला नाही.

वकील साहेब रचलेल्या दगडांवर बसून होते. तिथूनच म्हणाले, "माझ्याच कारकुनाने याला अर्ज आणायला सांगितला." मग उठून मिस्त्रीजवळ गेले. "मिस्त्री, तो कोपरा मुरमापासून उचला. तारखेचं मी पाहतो."

फिर्याद त्यांनी मागे घेतली. ठेकेदाराला तो पाया पदरमोड करून पुन्हा भरावा लागला. नागपूरचे अधिकारी आले तेव्हा त्यांना त्या कोपऱ्यात भिंतीऐवजी खड्डा दिसला. अध्यक्षांनी माझा पंचनामा त्यांच्यापुढे ठेवला. कॉलेज दुसऱ्या गावाला गेलं नाही, पण हप्ता वर्षभर लांबला, खर्च वाढला, आणि पहिली तुकडी जिनिंगच्या शेडमध्ये सरकीच्या वासात शिकली. तेव्हा गावात मला शिव्या देणारेही कमी नव्हते. इमारत उभी राहिली तेव्हा माझी बदली झालेली होती.

पुढे काही वर्षांनी, जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर, माझी नेमणूक पुन्हा त्या भागात झाली. एका सकाळी टेबलासमोर तोच म्हातारा उभा. पाठ वाकली होती, थैली तीच. त्याने घडी घातलेला कागद पुढे केला.

त्यावर मोठ्या, जाड अक्षरांत तीनच ओळी होत्या. कॉलेजच्या पूर्वेच्या कोन्यापाशी छपराचं पाणी साचते. नाली काढावी. नाईतर पाया खराब होईन. ओळी मात्र ओळंब्याने आखल्यासारख्या सरळ होत्या.

"कोणी लिहून दिलं?"

"मीच. कॉलेजच्या व्हरांड्यात संध्याकायी मोठ्या मानसांची शाळा भरते. जातो मी. हे तुमी प्रिन्सिपल साहेबाले देजा, मले त्याहिच्या खोलीत जाऊ नाई देत."

मला चेष्टा करावीशी वाटली. "काय मिस्त्री, या खेपेला काही पाडलं नाही?"

तो हसला. "आता लिवता येते ना, साहेब."

गुन्हेगार ओळखायला मी नोकरीत शिकलो. पण ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याने ऐकवण्यासाठी काय करावं, हे मला कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. त्यानंतर ठाण्यात 'अर्ज लिहून आणा' असं मी कोणालाही म्हटलं नाही. बसवायचो, ऐकायचो, मीच लिहून घ्यायचो.

तो कागद मी शिपायाकडे दिला नाही. स्वतः सायकलवरून कॉलेजात नेला आणि प्राचार्यांच्या हातात ठेवला. नाली आठवडाभरात निघाली. मी इथे कोणाचंच नाव लिहिलेलं नाही, त्याचंही लिहीत नाही. पण त्या अर्जाखाली, जिथे अंगठा लागायचा तिथे, त्याने ते पूर्ण लिहिलं होतं, वडिलांच्या नावासकट.