पोळ्याचं आवतन

शेजारच्या गोठ्यातून तुपात कालवलेल्या हळदीचा वास आला. उद्या पोळा.

माझी नात चिमी पाच वर्षांची होती, तेव्हाची अशीच सांज. तिच्या आजोबांनी पळसाच्या पानाने हळद-तूप लावून बैलांचे खांदे चोळले आणि रिवाजाप्रमाणे म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी पाण्याने भरलेला पितळी गुंड उतरवून नुकतीच टेकले होते. तेच पान घेऊन चिमी माझाही खांदा चोळू लागली.

"काय वो पोरी, लुगडं खराब केलं! मी का बैल आहो?"

"तू बी तं रोज पानी वाहून आनते. आज आवतन घे आजी, उद्या जेवाले ये."

या घरात जन्मभर सगळ्यांना वाढून मी मागून जेवले. जेवायचं आवतन एकदाच मिळालं, तेही मी साबणाने घासून काढलं.